औजारघर : पोतंभर नट-बोल्ट घेऊ का?

मृग लागायच्या आधी औजारं बाहेर निघतात आणि मग बोल्टांचे प्रश्न येतात, यंदा जरा जास्तच आलेत. म्हणून हा महिना सगळा नट-बोल्टलाच देतोय. पहिला प्रश्न मोठा आहे, त्याचं उत्तर पण लांबलंय, पण त्यात बऱ्याच जणांची उत्तरं आहेत म्हणून काटछाट केली नाही.

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही दोघं भाऊ, बार्शी तालुका, २२ एकर रान, सोयाबीन, तूर आणि थोडा ऊस. एक जुना मॅसी ट्रॅक्टर आणि एक चार वर्षांपूर्वी घेतलेला नवा. ६ फुटी रोटाव्हेटर ४२ पात्यांचा, ९ फणांचा कल्टिव्हेटर, पलटी नांगर, पेरणी यंत्र आणि गावच्याच वर्कशॉपला बनवलेली ट्रॉली. ऐन पेरणीत एक बोल्ट तुटला की गाडी काढून बार्शी, येऊन-जाऊन दोन तास जातात. यंदा शेडमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप करतोय. एक दुकानदार मिक्स नट-बोल्टचं ५० किलोचं पोतं सुट्या मालाच्या निम्म्या भावात देतोय. घ्यावं का? नाहीतर कोणत्या साईज किती घेऊ? बजेट १०-१२ हजार.

उत्तर : पोतं घेऊ नका भाऊ.

मी घेतलं होतं. तेव्हा मलाही वाटलं होतं की एकदा पोतं आणून टाकलं की पाच वर्षं बघायला नको. पण अशा पोत्यात येतं काय, तर दुकानात न खपलेल्या साईज, कुठल्या तरी कारखान्याचा उरलेला नाहीतर नापास माल, आणि त्यात मिलिमीटर, सूत, जाड आटे, बारीक आटे सगळं एकत्र. ऐन सोयाबीन मळणीत रात्री १० वाजता ८ एमएमचा समजून लावलेला बोल्ट अडीच सुती निघाला, दोन-तीन आटे सरळ गेला मग जड लागायला लागला, मला वाटलं गंज असेल म्हणून पान्यानं जोर लावला आणि हाऊसिंगमधले आटेच गेले. दुसरा दिवस लेथवाल्याकडे गेला, संध्याकाळी पाऊस आला आणि राहिलेला ढीग भिजला. त्या सोयाबीनला काय भाव मिळाला ते आठवलं की अजून जीव हळहळतो. तेव्हापासून जो विचारेल त्याला हेच सांगतो, माल घ्यायच्या आधी आपल्या औजारांना काय लागतं ते मोजा.

तुमच्याकडे तर हा घोळ जास्त आहे कारण जुना मॅसी. फर्ग्युसनचं मूळ डिझाइन इंग्लंडचं, त्यामुळे त्याला इंची आटे, फोर्डच्या जुन्या ट्रॅक्टरलाही तसंच. उलट एचएमटीचा झेटर मूळचा झेक, तो मिलिमीटरवाला. तुमचा नवा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर बहुतेक मिलिमीटरमध्येच असणार. आणि ट्रॉली गावच्या वर्कशॉपची म्हणजे तिथं हार्डवेअरच्या दुकानातले सुती बोल्ट असायची शक्यता जास्त. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे तुम्हाला माहीतच आहे, पण ‘चार सुती द्या’ एवढं म्हणून भागत नाही. अर्ध्या इंचात तीन प्रकारचे आटे येतात, हार्डवेअरवाल्याकडचा जुना व्हिटवर्थ म्हणजे इंचाला १२ आटे, ट्रॅक्टरचा जाड म्हणजे १३ आणि ट्रॅक्टरचा बारीक म्हणजे २०. १२ चा नट १३ च्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि तिथंच घात होतो. तीन सुती, पाच सुतीत जाड आटे दोन्हीकडे तेवढेच असतात म्हणून काम भागून जातं, चार सुतीतच माणूस फसतो. त्यामुळे मॅसीचे बोल्ट आणि ट्रॉलीचे बोल्ट एका डब्यात टाकू नका.

आता मोजायचं कसं. एक संध्याकाळ काढा, दोघं भाऊ बसा, एकानं वही धरायची. एकेका औजाराजवळ जायचं, जिथं जिथं बोल्ट आहे तिथला एक काढायचा, व्हर्निअर लावायचं, लिहायचं. साधं व्हर्निअर (जाडी मोजायला) आणि पिच गेज (आटे मोजायला) एवढं तर घ्याच, बजेटमधले पहिले पैसे त्यालाच. १२ एमएमचा बोल्ट व्हर्निअरवर १२ ला किंचित कमी भरतो, चार सुती साडेबाराच्या वर जातो, लगेच कळतं. पिच गेज नसेल तर पट्टी लावून १० आट्यांची लांबी बघा, १२ एमएम जाड आटा असेल तर साडेसतरा मिलिमीटर येईल, १० एमएमला १५, ८ एमएमला साडेबारा. लांबी डोक्याच्या खालून मोजायची, डोकं धरायचं नाही. फक्त नांगराच्या फाळाचा जो चपट्या डोक्याचा बोल्ट लोखंडात बुडून बसतो त्याची डोक्यासकट मोजतात.

दुसरी एक गोष्ट आजपासूनच सुरू करा. एक रिकामा तेलाचा डबा शेडच्या दारात ठेवा, तुटलेला, आटे गेलेला, वाकलेला प्रत्येक बोल्ट त्यात टाकायचा, रानात फेकायचा नाही. हंगाम संपल्यावर तो डबा फरशीवर ओता आणि साईजप्रमाणे वेगळे करा. ते ढिगारे बघून कळतं की तुमच्या रानाला, तुमच्या चालवण्याला कुठला बोल्ट किती लागतो. शेजाऱ्याची यादी तुमच्या कामाची नाही, त्याच्या रानात दगड असतील, तुमच्या नसतील.

पण पेरणी तोंडावर आहे, यंदा अंदाजानंच घ्यावं लागणार, तर मी तुमच्या जागी असतो तर असं घेतलं असतं. सगळ्यात जास्त पैसे १२ एमएमवर, ४०, ५० आणि ७५ लांबी, प्रत्येकी ५० नग. १० एमएम ३० आणि ५० लांबीचे पन्नास-पन्नास. ८ एमएम २५ लांबीचे शंभर, पत्रे, गार्ड, पेरणी यंत्राच्या पेट्या सगळीकडे तेच लागतात. १६ एमएम १५-२० पुरे. २० एमएम आत्ता नको, तो कुठं आहे ते बघा आणि त्या जागेचे दोन घेऊन ठेवा. कल्टिव्हेटरच्या फाळांना फणाला दोन म्हणजे १८ बोल्ट, त्यातला एक काढून दुकानात घेऊन जा आणि तसलेच २०-२५ आणा. रोटाव्हेटरचं मात्र नीट बघा, पात्याला दोन बोल्ट म्हणजे तुमच्या ४२ पात्यांना ८४, आणि ते बऱ्याच मशीनला बारीक आट्याचे असतात, त्यावर हार्डवेअरचा जाड आट्याचा नट चालत नाही. ते ३० तरी शिल्लक हवेत, नटासकट, कारण पाती बदलताना जुने नट परत लावायचे नसतात. त्यातला एक जरी सैल राहिला तर पातं हलायला लागतं, भोक मोठं होतं आणि मग फ्लँज, म्हणजे पाती जिथं बसतात ती चकती, जाते.

नट बोल्टांपेक्षा पावपट जास्त घ्या, ते मातीत पडतात आणि सापडत नाहीत. साधे वायसर दुप्पट. स्प्रिंग वायसर बोल्टाइतके. लिंच पिन, स्प्लिट पिन आणि ग्रीस निप्पलचा एकेक पुडा त्याच फेरीत घ्या, लोक बोल्ट आणतात आणि पिनेसाठी परत गाडी काढतात.

ग्रेडबद्दल एवढं लक्षात ठेवा. डोक्यावर ८.८ लिहिलेला तो आपल्याकडे ज्याला हायटेन्शन बोल्ट म्हणतात तो. पहिला ८ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलोचा ताण सोसून मग तुटतो. हिशोब केला तर १२ एमएमचा ८.८ बोल्ट सरळ ओढला तर पावणेसात टनाच्या आसपास तुटतो आणि साधा ४.६ चा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा बोल्ट साडेतीन टनाच्या आतच. दिसायला दोन्ही सारखे, प्लेटिंग केलं की ओळखू पण येत नाहीत, आणि ताकद निम्मी. औजारांना लावायचा सगळा माल ८.८ घ्या, नट पण ८ मार्कचा, हायटेन्शन बोल्टवर साधा नट लावला तर नटाचे आटे निघून येतात. एमएस बोल्ट पत्र्याला, शेडला, गोठ्याला. दोन प्रकार एका रॅकवर नकोच, मी तर एमएसच्या डब्याला लाल पट्टी मारतो, घाईत घरातलं पोरगं जरी आणायला गेलं तरी चुकायला नको.

किलोवर घेणं वाईट असं मी म्हणत नाही, एकाच साईजचा, सीलबंद डब्यातला, मार्कचा माल किलोवर मिळाला तर जरूर घ्या. नटासकट १२ बाय ५० चे किलोत साधारण १३-१४ बसतात, ८ बाय २५ चे पन्नासच्या वर, त्यावरून नगाला काय पडलं ते काढा आणि मग ठरवा. बिल घ्या, १८ टक्के जीएसटी लागतो, पण बिल असलं की खराब निघालेला डबा परत करता येतो. कोल्हापूरला गेलात तर शिवाजी उद्यमनगर, मुंबईला काम निघालं तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट, तिथं साईजची निवड भरपूर मिळते. पण एवढ्या मालासाठी मुद्दाम जायची गरज नाही, बार्शीत नाहीतर सोलापुरात यादी घेऊन जा, दोन दुकानांत दाखवा. यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळंच बोलतो.

आणि काही जागा अशा आहेत की तिथं या साठ्यातलं काहीच लावायचं नाही. चाकांचे बोल्ट-नट, स्टेअरिंग, ब्रेक, ट्रॉलीच्या हुकाची पिन. तिथं कंपनीचाच पार्ट. ट्रॉली उसानं भरलेली असते आणि मागून मोटारसायकलवर कुणाची तरी लेकरं येत असतात.

प्रश्न : दादा, रोटाव्हेटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट दिवसाला दोन-तीन तुटतात. शेजारचे म्हणतात १०.९ चा कडक बोल्ट टाक, मिटवून टाक एकदाचं. टाकू का? – एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : अजिबात नको. टाकून बसला असाल तर आधी तो बोल्ट काढा आणि मग पुढचं वाचा.

तो बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला आहे. पात्यात दगड, मूळ, तारेचा गुंडाळा अडकला की कुठं तरी ताकद निघायला पाहिजे, तर ती त्या दहा-वीस रुपयांच्या बोल्टातून निघते. तिथं कडक बोल्ट टाकला की तीच ताकद पुढं गिअरबॉक्सच्या दातांवर नाहीतर मागं ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर जाते. आमच्या भागात एकानं हेच केलं, बोल्ट काही तुटला नाही, गिअरबॉक्सचा क्राऊन (मोठं दातेरी चाक) गेला आणि पेरणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर भाड्यानं करून घ्यावी लागली.

कंपनीच्या पुस्तकात त्या जागेचा बोल्ट किती एमएमचा आणि कुठल्या ग्रेडचा ते दिलेलं असतं, तोच घ्या. काही जणांचा समज आहे की शिअर बोल्ट म्हणजे साधा एमएसच असतो, तसं नाही, काही मशीनला ८.८ च दिलेला असतो, म्हणून साधा टाकला तर तो उगाच तुटत राहतो. तुमचं कदाचित हेच झालं असेल. दुसरं बघा, बोल्टचा प्लेन भाग जोडाच्या मधोमध येतोय की आटे येतायत, आट्यांच्या जागी बोल्ट बारीक असतो त्यामुळे आधीच तुटतो. पूर्ण आट्याचा बोल्ट तिथं लावू नका. तिसरं, भोकं. एवढे बोल्ट तुटले म्हणजे भोकं लांबट झाली असणार, मग बोल्ट सरळ कापला न जाता आधी हलतो, वाकतो आणि मग जातो. भोकं लांबट दिसली तर योक, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा जोड, बदलायची वेळ आली.

आणि चालवण्याकडे पण बघा, राग मानू नका. पहिल्याच फेरीत पूर्ण खोली, वळणावर पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर वर उचलणं, इंजिन जोरात असताना पीटीओ टाकणं, या तिन्ही सवयी बोल्ट खातात. कडक रानात दोन फेऱ्यांत खोली घ्या.

बरोबर साईजचे १०-१५ बोल्ट नटासकट एका पिशवीत बांधून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा, शेडमधल्या मोठ्या साठ्यात ते मिसळू देऊ नका. बोल्ट बदलताना ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, सदऱ्याची बाही अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि लिहीत राहणार.

प्रश्न : नमस्कार काका, आमची दापोलीला नारळ-सुपारीची बाग आहे, थोडे आंबे. मिस्टर नोकरीला मुंबईला, बागेचं आणि पंपाचं सगळं मीच बघते. फवारणी पंपाचे, ट्रॉलीचे बोल्ट एका पावसाळ्यात गंजून जातात, काढताना डोकंच तुटतं. सगळीकडे स्टेनलेसचे लावले तर चालतील का?

उत्तर : ताई, सगळीकडे नको, पण पंपाला जरूर लावा.

तुम्ही सुपारीवर कोळे रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारत असाल तर गंजाचं अर्धं कारण तिथंच आहे. बोर्डो जमलाय की नाही बघायला आपण त्यात लोखंडी सुरी बुडवतो, मोरचूद जास्त असेल तर सुरीवर तांबूस थर चढतो, तसंच ते बोल्टवर चढतं आणि लोखंड खातं, वरचं जस्ताचं पातळ प्लेटिंग तर आधीच जातं. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत बोल्टवर जस्ताचा थर जेमतेम ५ ते ८ मायक्रॉन असतो, कोकणच्या पावसाला तो कितीसा पुरणार. फवारणी झाली की पंपावर, बोल्टवर साध्या पाण्याचा फवारा मारून मग ठेवायचा, एवढ्यानंही फरक पडतो.

पंप, टाकीचे क्लॅम्प, नळ्यांचे ब्रॅकेट इथं स्टेनलेस घ्या. डोक्यावर ए२-७० असं लिहिलेलं असतं ते ३०४ चं, समुद्राजवळ असाल तर ए४ म्हणजे ३१६ चं जास्त टिकतं, महाग आहे पण तुम्हाला १५-२० च लागतील. लावताना एक काळजी, स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि झपाट्यानं आवळला तर मधेच जाम होतो, मग पुढंही नाही आणि मागंही नाही, कापावाच लागतो. आट्यांना ग्रीस लावा, हातानं सावकाश आवळा.

ट्रॉलीला किंवा जिथं ओझं येतं तिथं स्टेनलेस लावू नका, ए२-७० ची ताकद ८.८ पेक्षा कमी असते. तिथं गरम जस्तात बुडवलेले, थोडे खरखरीत, राखाडी दिसतात ते गॅल्व्हनाइज्ड बोल्ट बघा, त्यांच्यावरचा थर ४०-५० मायक्रॉनचा असतो. फक्त नट त्याच्याच जोडीचा घ्या. थर जाड असल्यामुळे त्या नटांचे आटे मोठे पाडलेले असतात, साधा नट त्यावर चढणारच नाही.

गंजलेला बोल्ट काढताना आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित हलवा, मग सैल करा, मधे मधे तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. घाई केली की डोकं हातात येतं.

प्रश्न : ८.८ लिहिलेला बोल्ट खरा की खोटा कसा ओळखायचा? – वर्कशॉप चालवणारे एक वाचक, नेवासा

उत्तर : डोक्यावर फक्त आकडा असेल आणि बनवणाऱ्याची खूण नसेल तर मी घेत नाही. नियमानं ५ एमएम आणि त्यापुढच्या षटकोनी डोक्याच्या बोल्टवर ग्रेड आणि कंपनीची खूण दोन्ही पाहिजेत, टीव्हीएस, अनब्राको असं काहीतरी स्पष्ट उमटलेलं दिसतं. डब्यावरचं नाव आणि डोक्यावरची खूण एकच आहे का बघा. कानस मारून बघा, एमएसवर पटकन चावते, ८.८ वर तेवढी चालत नाही, पण ही परीक्षा दोन्ही शेजारी ठेवूनच करायची. नवा डबा आणला की चार-पाच बोल्टांवर नट हातानं शेवटपर्यंत फिरवून बघा, अडकला तर डबा परत. जुन्या इंची बोल्टवर आकडा नसतो, डोक्यावर तीन रेघा असतील तर तो साधारण ८.८ च्या जोडीचा आणि सहा रेघा असतील तर १०.९ च्या, तो कुणी भंगारात देत असेल तर काढून ठेवा.

प्रश्न : लांबीच्या एवढ्या साईज कुठं ठेवत बसायच्या? जागाच नाही.

उत्तर : जागा नसेल तर मोठ्या लांबीचे पूर्ण आट्याचे घ्या आणि लागेल तसे कापा, आखूड बोल्ट काही लांब करता येत नाही. कापायच्या आधी त्यावर एक नट चढवून ठेवायचा, कापून झालं, कड कानसीनं थोडी मारली की तो नट फिरवून बाहेर काढायचा, तोंडाशी दबलेले आटे त्यानंच सरळ होतात. नट आवळल्यावर बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत एवढी लांबी ठेवा. फक्त शिअर बोल्ट असे कापून करायचे नाहीत, आणि कापलेल्या तोंडाला ऑइलचं बोट लावायला विसरू नका, गंज तिथूनच चढतो.